डब्यावरचा आवाज: घरी कंपनं दाखवण्याच्या प्रयोगाच्या नोंदी

गणपतीच्या आधीचा एक रविवार सोसायटीतल्या मुलांसाठी आवाजाचा, असं ठरलं आहे. मुलं दुसरी ते सहावीतली. त्यांच्यासाठी मला एकच गोष्ट नीट जमवायची आहे: मुलाने स्वतःच्या गळ्यातून सूर काढायचा आणि त्याच क्षणी समोर काहीतरी हलताना दिसायला हवं. सूर बदलला की समोरचंही बदलायला हवं. आवाज म्हणजे कंपन हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. गळा आणि डोळा दोन्हीकडून ते एकदम कळावं, यासाठी ही सगळी खटपट. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सामान, खर्च आणि वेळ कुठे गेला ते इथे लिहीत जाते. जागा पुण्यात कोथरूड, आणि दिवस ऐन पावसाचे. पावसाचा या प्रयोगाशी फार जवळचा संबंध आहे, हे पुढे येईलच.

५ जुलै, शनिवार

सुरुवात सगळे सांगतात तशीच केली. स्टीलच्या पातेलीवर फुगा कापून ताणून बसवला, रबर लावलं, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि धाकटीला पातेलीकडे तोंड करून ओरडायला सांगितलं.

मीठ हललंच नाही. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलसर असतं, ते फुग्याला चिकटून बसलं. तव्यावर गरम करून कोरडं केलं तर पाच-दहा मिनिटं चाललं, मग परत चिकटलं. उन्हाळ्यात हा प्रयोग मिठावर सहज होत असेल, जुलैत मात्र मिठाचा नाद सोडावा.

दुसरी अडचण जास्त मोठी. पातेलीच्या वरून ओरडलं की श्वासाची फुंकर लागते आणि दाणे उडतात. धाकटी म्हणाली, ‘आई, हे तर नुसतं फुंकलं तरी उडतंय.’ तिने फुंकून दाखवलंही. तिचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. श्वासाने उडालं की आवाजाने, हे मुलाला वेगळं करता येत नसेल तर तो प्रयोग आवाजाचा राहतच नाही. तेव्हा आवाज खालून, बंद डब्यातून पोचला पाहिजे. उद्यापासून त्या दिशेने.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपासाचा दिवस असल्याने ओट्यावर राजगिरा, भगर, साबुदाणा सगळं निघालेलं होतं. म्हणून आज फक्त दाणे तपासले. फुग्याच्या पडद्याला टेबलाच्या कडेने हलकी टिचकी मारायची आणि कोण कसं वागतं ते बघायचं, एवढंच.

साबुदाणा जड, जागचा हलत नाही. मोहरी घरंगळत कडेला जाते आणि तिथेच बसते. पडदा जरासा तिरका असला तरी सगळी एका बाजूला, त्यामुळे ती कंपनामुळे गेली की उतारामुळे हे सांगता येत नाही. राजगिरा छान उड्या मारतो, अगदी लहान मुलांना दाखवायला उत्तम, पण गोल असल्याने आकृती धरून ठेवत नाही. भगर त्यापेक्षा बरी. रवा चांगला, पण आधी कोरडा भाजून घ्यावा लागतो. खसखस सगळ्यांत हलकी आणि झकास नाचते, पण तिचा भाव बघता मुलांच्या हाती द्यायची हिंमत होत नाही.

संध्याकाळी दारातली रांगोळी टाकून पाहिली आणि शोध तिथेच थांबला. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ओल धरत नाही, घरंगळत नाही, स्वस्त आहे आणि पडली तर केर काढता येतो. फक्त जाडी पाहून घ्या. बाजारात बारीक आणि भरड अशी दोन्ही मिळते, आपल्याला भरड हवी. बारीक असेल तर मलमलच्या कापडातून चाळून वर उरलेली घ्यावी. चाळताना मुलांना लांब ठेवा, धूळ नाकात जाते. किलोची पिशवी वीस रुपयांना मिळाली, त्यातली मूठभर पुरते.

फुगा काळा घ्यायचा. पांढऱ्या किंवा पिवळ्या फुग्यावर रांगोळी दिसत नाही. वाढदिवसाच्या मिश्र रंगांच्या पाकिटात काळा निघत नाही, वेगळा मागावा लागतो.

१२ जुलै, शनिवार

डबा आणि नळी. या दोन गोष्टींनी पूर्ण शनिवार खाल्ला.

श्रीखंडाचा डबा फार लवचीक. रबर बसवलं की तोंड लंबगोल होतं. बिस्किटांचा पत्र्याचा गोल डबा मजबूत, पण भोक पाडलं की कड धारदार राहते. घासून काढता येते, तरी मुलांच्या हाती द्यायला मन तयार होईना. शेवटी डिस्टेंपरचा रिकामा, एक लिटरचा प्लॅस्टिकचा डबा कामाला आला. तोंड १४ सेंटिमीटर, भिंत जाड, कड गोल. शेजारी रंगकाम चालू होतं, तिथून फुकट मिळाला. आतला रंग पूर्ण खरवडून दोनदा धुतला.

डब्याच्या भिंतीला तळापासून चार बोटं वर पाऊण इंची पीव्हीसी नळी बसेल एवढं भोक तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने पाडलं. प्लॅस्टिक जळल्याचा धूर चांगला नाही. गॅलरीत, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मुलं आसपास नसताना करावं. नळीचा वीतभर तुकडा, पुढे एक एल्बो (काटकोनात वळलेला जोड) लावली की तोंड वरच्या बाजूला येतं आणि मुलाला सूर काढताना पडद्याकडे बघता येतं. एल्बो नसेल तर मूल वाकून नळीत सूर काढतं आणि त्याला पडदा दिसतच नाही. या साध्या गोष्टीचा विचार आधी करावा. नळी आणि एल्बो मिळून पंचेचाळीस रुपये, हार्डवेअरच्या दुकानात. सांध्याला एमसील. दमट हवेत ते सुकायला रात्रभर ठेवलं.

१३ जुलै, रविवार

सकाळी पहिली खरी चाचणी. माझी दोन मुलं आणि समोरच्या घरातला चौथीतला मुलगा.

तिघांनीही नळीला ओठ लावून फुंकलं. मुलांना नळी दिली की ती फुंकणारच. आत हवा कोंडून पडदा टम्म फुगला, रांगोळी सांडली. आणि फुगलेल्या पडद्याचा ताण वेगळा, त्यामुळे नंतर सूर काढला तरी काही हललं नाही. उपाय सोपा निघाला: डब्याच्या भिंतीला, नळीच्या समोरच्या बाजूला, तापवलेल्या दाभणाने एक बारीक भोक. फुंकर त्यातून निघून जाते, पडदा सपाट राहतो, आणि आवाज पडद्यापर्यंत पुरेसा पोचतो. हे भोक म्हणजे या डब्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे असं मी म्हणेन. त्यामुळे फुंकून काहीच होत नाही आणि सूर काढला की रांगोळी नाचते, हा फरक मुलं स्वतः करून बघतात. धाकटीच्या पहिल्या दिवसाच्या शंकेचं उत्तर तिला तिथेच मिळालं. तिने पाच-सहा वेळा आलटून पालटून फुंकलं आणि गुणगुणलं, मगच तिचं समाधान झालं.

काय म्हणायचं हेही ठरवावं लागलं. ‘आ’ म्हणताना तोंड उघडं राहतं, आवाज बाहेर पसरतो. ‘ऊ’ला ओठ गोल होतात, नळीवर नीट बसतात, आणि त्या स्वराचा जवळजवळ सगळा जोर मूळ सुरातच असतो. त्यामुळे ‘ऊ’. शिवाय एकाच सुरावर जोर लावून उपयोग नाही. खालून वर सावकाश घसरत जायचं, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखं. कुठेतरी एका जागी रांगोळी एकदम उसळते. तिथे थांबायचं. मोठ्याने ओरडणाऱ्या मुलापेक्षा तो सूर सापडलेलं, हळू आवाजातलं मूल जास्त रांगोळी नाचवतं, आणि हे पाहून मुलांचे चेहरे बदलतात.

तर, हलण्याचा भाग जमला. आकृतीचा नाही. रांगोळी एका बाजूला सरकते, तिथे वाकडी रेघ धरते, दर वेळी वेगळी. पडदा उतरवून परत लावला की रेघेची जागा बदलते. म्हणजे गडबड पडद्याच्या ताणात आहे. ताण एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

१९ जुलै, शनिवार

आठवडाभर रोज रात्री पडदा लावायचा, उतरवायचा, हेच चाललं होतं. दोन फुगे कापतानाच फाटले, तीन ताणताना. रबर बँड एका जागी घसरतो आणि ताण बिघडतो. त्याऐवजी पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंदीचं कडं कापून आणलं. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. हे घसरत नाही. फुग्याचा मानेकडचा तिसरा हिस्सा कापून टाकायचा, तिथलं रबर जाड असतं आणि तेवढ्याच भागात ताण वेगळा येतो.

तरीही रेघ वाकडीच.

२० जुलै, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज अडलेलं काम सुटलं, आणि ते सोडवलं तळमजल्यावर राहणाऱ्या तबल्याच्या सरांनी.

त्यांच्याकडे शिकायला जाणाऱ्या मोठ्या मुलीने डबा खाली नेला. मागोमाग मीही गेले. सरांनी रांगोळी झटकून टाकायला सांगितली, डबा मांडीजवळ घेतला, अनामिका पडद्यावर अलगद टेकवली आणि तर्जनीने कडेला ‘ना’ वाजवला. मग डबा थोडा फिरवून परत. असं गोल फिरत गेले. फुग्याचा आवाज बारीक, पण लक्ष देऊन ऐकलं तर कळत होतं: एका बाजूला चढा, समोरच्या बाजूला उतरलेला. ‘बघ, इथे घर उतरलंय,’ ते मुलीला म्हणाले. तबल्याच्या दायाला, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याला, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) सोळा घरं असतात आणि हातोडीने ठोकून प्रत्येक घर एका सुरात आणावं लागतं. एखादं घर उतरलेलं असेल तर तबला सुरात बोलत नाही. आमच्या डब्याचंही तेच. जिथे सूर उतरलेला होता तिथे त्यांनी ट्यूबच्या कड्याखालून फुगा चिमटीत धरून जरासा ओढला, परत वाजवला, समोरच्या घरी गेले. अर्ध्या तासात सगळीकडून जवळजवळ एकच आवाज यायला लागला.

वर आणून रांगोळी टाकली आणि धाकटीला ‘ऊ’ करायला सांगितलं. पहिल्यांदाच रांगोळी वाकड्या रेघेऐवजी मधोमध एका गोल कड्यात जमली. पट्टीने मोजलं, व्यास साधारण सहा सेंटिमीटर. कड्याच्या आतलं उसळतं, बाहेरचं उसळतं, कड्यावरची रांगोळी शांत बसलेली. तिथे पडदा हलत नाही म्हणून दाणे तिथे येऊन टिकतात.

सरांसारखा कान सगळ्यांकडे नसेल, म्हणून डोळ्याने ताण तपासायची एक युक्ती मोठीने काढली. फुगा ताणायच्या आधी त्यावर मधोमध बांगडी ठेवून पांढऱ्या पेन्सिलीने वर्तुळ काढायचं. ताणून बसवल्यावर ते वर्तुळच राहिलं तर ताण सारखा. लंबगोल झालं तर ज्या दिशेने लांबलं तिकडे ओढ जास्त आहे. हे तिसरीतलं मूलही करू शकतं. आधी वर्तुळाने अंदाजे, मग कानाने बारीक, असं आता आम्ही करतो आणि पडदा बसवायला दहा मिनिटं पुरतात.

सर एक गोष्ट सहज बोलले ती इथे लिहायलाच हवी. म्हणाले, ‘याला नाद आहे, पण सूर धरत नाही.’ त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. सगळीकडे सारख्या जाडीचा पडदा ताणला की त्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. ते १.५९, २.१४, २.३० अशा आडवळणाच्या पटीत येतात. म्हणून साध्या ढोलाला लय असते, सूर स्पष्ट नसतो. तबला आणि मृदंगाची पुडी, म्हणजे चामड्याचा पडदा, मात्र मधल्या शाईमुळे (काळ्या लेपामुळे) जड होते आणि तिचे वरचे सूर पूर्ण पटींच्या जवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९२० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे मांडलं, आणि १९३४ मध्ये परत त्यावर सविस्तर लिहिलं. शाई लावणाऱ्या कारागिरांनी हे हाताने आणि कानाने कधीच साधलेलं होतं. मुलांना आकडे सांगणार नाही. पण सरांना त्या रविवारी तबला घेऊन यायची विनंती केली आहे आणि ते येणार आहेत.

२६ जुलै, शनिवार

पुस्तकांत पितळी पाट्यांवर सुंदर आकृत्या दाखवलेल्या असतात. जर्मनीतले शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये त्या छापल्या. ते पाटीच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढत. मुलांना तसलं काही दाखवता आलं तर बरं, म्हणून आज बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. चार इंची जुना स्पीकर १८० रुपये, पीएएम ८४०३ चिपचं छोटं अॅम्प्लिफायर ९० रुपये. हे पाच व्होल्टवर चालतं, म्हणजे मोबाइलचा चार्जर पुरतो आणि मुलांजवळ धोका नाही. जोडताना एक लक्षात ठेवा: या अॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली कुठलीही ग्राउंडला जोडायची नाही, नाहीतर चिप जाते.

थेट मोबाइलच्या स्पीकरवर हा प्रयोग करायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. त्या इवल्या स्पीकरमधून २०० हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काही निघतच नाही. पडद्याला हलवायला खालच्या सुरांचा जोर लागतो.

बोहरी आळीतून अॅल्युमिनियमचा एक मिलिमीटर जाडीचा, २० सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा कापून आणला. स्पीकरच्या मधल्या टोपीवर बाटलीचं झाकण, झाकणात स्क्रू, स्क्रूवर पत्रा. सगळं अॅरल्डाइटने चिकटवून रात्रभर ठेवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

पत्रा जड पडला. हिशेब केला तर त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर जातं. त्या वजनाने स्पीकरचा शंकू एका बाजूला कलला, आतली तारेची गुंडाळी चुंबकाला घासायला लागली आणि नुसती खरखर ऐकू आली. पत्रा १५ सेंटिमीटरचा कापून घेतला, शिवाय पातळ, पाऊण मिलिमीटरच्या आतला. आता वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम आणि खरखर गेली. झाकण अगदी मधोमध चिकटलेलं नसेल तर हाच त्रास परत होतो. स्टीलची थाळी लावून पाहिली, तिला कडेची पन्हळ असते आणि तळ पूर्ण सपाट नसतो, आकृती येत नाही.

मोबाइलवर सूर काढणारं फुकट अॅप घेतलं आणि आकडा, म्हणजे सुराची सेकंदातली कंपनं (हर्ट्झ), हळूहळू वाढवत नेला. ठरावीक आकड्यांवर रांगोळी धावत जाऊन रेषा धरते, मधल्या आकड्यांवर नुसती थरथरते. आकडा वाढला तसतशा रेषा वाढतात आणि जवळ येतात. सलग मोठा, एकसुरी आवाज कानाला त्रास देतो. आवाज कमी ठेवा, आकृती आली की लगेच बंद करा. आमच्या वरच्या घरातल्या आजींनी निरोप पाठवला, तेव्हापासून स्पीकरवर जाड टॉवेलचं कडं ठेवते.

३ ऑगस्ट, रविवार

आज मोठीने भरड रांगोळी संपली म्हणून चाळून खाली पडलेली अगदी बारीक भुकटी पाटीवर टाकली. ती भुकटी उलटीच वागली. भरड रांगोळी जिथे पाटी शांत असते तिथे जाते. ही भुकटी जिथे पाटी सगळ्यात जास्त हलते तिथे छोट्या छोट्या ढिगांत जमली, आणि ढिगाच्या आतल्या आत फिरत राहिली.

संध्याकाळभर आम्ही दोघी त्यातच अडकलो. पत्रा पुसला, उलटा लावला, दोन्ही जाडीची रांगोळी वेगवेगळ्या रंगांत टाकली: भरड पांढरी, बारीक लाल. पांढरी रेषांवर, लाल रेषांच्या मधल्या जागांत. एकाच पाटीवर, एकाच वेळी. हे कोडं जुनं आहे आणि मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये ते उलगडलं. हलणाऱ्या भागावर हवेचे बारीक प्रवाह तयार होतात आणि हलकी भुकटी त्या प्रवाहांबरोबर ओढली जाते. जड कणांवर त्यांचा जोर चालत नाही, ते उड्या मारत शांत जागी पोचतात. या एका दृश्यासाठी स्पीकर आणि पत्र्याचे पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटतं.

पण मुख्य प्रयोग डबाच राहणार. पाटीसमोर मुलं बघे होतात. आकडा दुसरंच कुणीतरी बदलतं, आवाज यंत्राचा असतो. डब्यासमोर मूल स्वतःचा गळा वर-खाली करतं आणि समोर काय झालं ते पाहून परत गळ्याला सांगतं. रविवारी पाटी शेवटी, दहा मिनिटं.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

घरात पाहुणे, आणि प्रत्येकाला डब्यात ‘ऊ’ करून पाहायचं होतं. त्यातून एक मोलाची गोष्ट कळली. मुलांच्या आणि बायकांच्या आवाजाला मधोमध कडं येतं. माझ्या भावाने आणि सासऱ्यांनी खर्जात ‘ऊ’ केलं तर कडं येईना, सगळी रांगोळी मधून उसळून काठाकडे पळाली. सूर मोजणाऱ्या अॅपवर बघितलं तर सासरे ११० हर्ट्झच्या आसपास, धाकटी २७०च्या आसपास. खालच्या सुराला पूर्ण पडदा एकच तुकडा होऊन वर-खाली होतो, त्याला आत शांत जागाच नसते. मुलांना तेवढं खाली उतरता येत नाही. म्हणजे त्या रविवारी किमान एक तरी भरड्या आवाजाचे आजोबा किंवा बाबा हवेत. सासऱ्यांनी आपण होऊन जबाबदारी घेतली.

भाचा पखवाज शिकतो. त्याने पोळ्यांच्या कणकेतली सुपारीएवढी गोळी पडद्याच्या मधोमध चिकटवली, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात तशी. आधी ज्या सुराला रांगोळी नाचत होती त्या सुराला आता ढिम्म. खाली उतरत गेलं तेव्हा सापडला. वजन वाढलं की पडदा सावकाश हलतो आणि सूर उतरतो. मुलांसाठी हा पुढचा टप्पा ठेवायचा: कणीक लावा, सूर परत शोधा. कणीक नंतर ओल्या फडक्याने लगेच पुसायची. वाळली की फुग्याला खरवडताना भोक पडतं.

१० ऑगस्ट, रविवार

दोऱ्याचा टेलिफोन. यात नवं काही नाही, थोडक्यात लिहिते. कागदी कपापेक्षा पातळ तळाचा पत्र्याचा छोटा डबा चांगला ऐकवतो. दोरा शिवणाचा सुती चालतो, मासेमारीचा नायलॉन त्याहून स्पष्ट. मांजा अजिबात नको, बोट कापतं. दोरा ताठ हवा आणि मध्ये कशालाही टेकता कामा नये. आमच्या जिन्याच्या कठड्याला टेकला की आवाज तिथेच मरतो. मध्ये कुणीतरी दोरा चिमटीत धरायचा, बोटांना बोलणं जाणवतं आणि पलीकडे ऐकू येणं थांबतं. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

नदीपात्राकडे ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात आहे. संध्याकाळी मुलींना आणि डब्याला घेऊन गेलो. अंतर ठेवून उभे राहिलो, दोघींच्या कानांत कापूस.

नळीचं तोंड ढोलांकडे केलं. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला रांगोळी उसळली, ठोका संपला की खाली बसली. नुसते ताशे वाजत होते तेव्हा जवळजवळ काही नाही, कारण ताशाचा जोर वरच्या सुरांत असतो आणि आमचा पडदा तिथे साथ देत नाही. ढोल परत सुरू झाले की परत उसळी. डबा कठड्यावर ठेवला होता तेव्हा कठड्याची थरथरही मिसळत होती, म्हणून मोठीने तो दोन्ही हातांत धरला. ‘आई, छातीत पण वाजतंय,’ ती म्हणाली. तिथे नव्याने ताणलेला ढोल आणि पान (पडदा) सैल झालेला ढोल, दोन्ही शेजारी ठेवलेले होते. पथकातल्या एका ताईने मुलींना दोन्हींवर एकेक थाप मारू दिली. पडदा ताणला की सूर चढतो हे त्यांना डब्यावरून माहीत होतं, इथे ते हाताला कळलं.

पाऊस आला आणि डब्यातली रांगोळी भिजली. फुगा पुसून वाळवला.

२४ ऑगस्ट, रविवार

झालं. ठरलेल्यापेक्षा जास्त मुलं आली, डबे चार होते, त्यामुळे गट करावे लागले. पुढच्यांसाठी सांगते, तीन मुलांमागे एक डबा हवाच, नाहीतर धीट मुलं नळी सोडत नाहीत. नळीचं तोंड प्रत्येकानंतर पुसायला स्वच्छ ओलं फडकं आणि साबणाचं पाणी ठेवलं होतं. एका मुलाला सर्दी होती, त्याला वेगळी एल्बो दिली. फुग्याचे कापलेले तुकडे लगेच गोळा केले, लहान भावंडं ते तोंडात घालतात.

क्रम असा लागला: आधी हात गळ्यावर ठेवून ‘ऊ’, मग डब्यात फुंकणं, मग डब्यात ‘ऊ’, मग सूर शोधणं, मग आजोबांचा खर्ज, मग कणीक. त्यानंतर सरांचा तबला. सरांनी शाईवर चिमूटभर रांगोळी टाकून ‘ना’ आणि ‘तिन्’ वाजवून दाखवले. तबल्याला रांगोळी लागू देणं ही त्यांची मोठीच मेहेरबानी, नंतर मुलींनी मऊ ब्रशने कण न् कण काढला. शेवटी पाटी, पांढरी आणि लाल रांगोळी.

दुसरीतली एक मुलगी कुणाशी फारशी बोलत नाही. तिला तिचा सूर सापडायला वेळ लागला. गटातल्या दोघांनी नळी मागितली नाही, थांबून राहिले. सापडल्यावर तिने कडं धरून ठेवलं आणि श्वास संपेपर्यंत सोडलं नाही. मग परत केलं.

दोन पडदे फाटले. फुग्याचा ताणलेला पडदा साधारण तीन-चार दिवस चांगला राहतो, मग कडेला बारीक चिरा दिसतात. म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नवे लावावेत आणि पाच-सहा फुगे कापून तयार ठेवावेत. सगळा खर्च चार डबे, नळ्या, फुगे, रांगोळी, स्पीकर, पत्रा धरून साडेआठशेच्या आत. स्पीकर आणि पत्रा वगळले तर निम्म्याहून कमी.

डबे वाटून दिले आहेत, चार घरी चार. ट्यूबची कडी आणि बांगडी त्यांच्याबरोबर. दसऱ्यानंतर तारांचा रविवार करायचा आहे. तंबोऱ्याच्या घोडीवरची जवारी (तारा टेकतात तो किंचित गोलसर घासलेला माथा) आणि तारेखालचा दोरा मुलांना हाताळू द्यायचा, त्यासाठी जुना तंबोरा कुणाकडून मिळतो का ते सर बघत आहेत.